फोटो नव्हे, फोटॉनची यादी: ॲस्ट्रोसॅटच्या डेटात कृष्णविवर आणि पल्सार कसे सापडतात

प्रश्न असा आहे: क्ष-किरण आणि गॅमा किरणांच्या अवकाश दुर्बिणी कृष्णविवरांबद्दल, न्यूट्रॉन ताऱ्यांबद्दल एवढं काही सांगतात, पण त्यांच्या प्रतिमांत बहुतेक वेळा एका धूसर ठिपक्यापलीकडे काहीच दिसत नाही. मग ही माहिती येते कुठून? आणि ॲस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेचा डेटा आपल्या संगणकावर तपासायचा असेल तर काय करावं लागतं?

ठिपका दिसतो हे खरं आहे, आणि तेवढा पुरतो. उच्च ऊर्जेच्या दुर्बिणीचं खरं उत्पादन प्रतिमा नसतं, यादी असते. प्रत्येक फोटॉनसाठी एक ओळ: किती वाजता आला, किती ऊर्जेचा होता, डिटेक्टरच्या कोणत्या चौकटीत (पिक्सेलमध्ये) पडला. वर्तमानपत्रात छापून येणारी रंगीत चित्रं या यादीतूनच नंतर बनवलेली असतात. स्रोताबद्दलचं आपलं बरंचसं ज्ञान यादीतल्या पहिल्या दोन रकान्यांतून, म्हणजे वेळ आणि ऊर्जा यांतून येतं.

ही यादी जमिनीवर बसून करता येत नाही. आपल्या डोक्यावरचं वातावरण वस्तुमानाच्या हिशेबाने साधारण १० मीटर जाडीच्या पाण्याइतकं आहे आणि क्ष-किरण त्यातून खाली येतच नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने, म्हणजे टीआयएफआरने, हैदराबादहून मोठे फुगे सोडून वातावरणाच्या वरच्या थरात डिटेक्टर नेण्याचं काम अनेक वर्षं केलं. तो अनुभव पुढे २८ सप्टेंबर २०१५ रोजी पीएसएलव्ही-सी३० वरून गेलेल्या ॲस्ट्रोसॅटमध्ये उतरला. कक्षा सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी फक्त ६ अंशांचा कल. हा कल मुद्दाम कमी ठेवलेला आहे. दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीभोवतीचा भारित कणांचा पट्टा खाली झुकतो, तिथे त्या कणांचा इतका मारा असतो की डिटेक्टरचा उच्च दाबाचा वीजपुरवठा बंद करावा लागतो. कल कमी असला की उपग्रह त्या भागाच्या फक्त कडेवरून जातो.

दुसरी अडचण फोटॉनच्या दुष्काळाची. वृषभ राशीतला क्रॅब, म्हणजे १०५४ साली दिसलेल्या अतिनवताऱ्याचा अवशेष, हा क्ष-किरण आकाशातल्या ठळक स्रोतांपैकी एक. इतका ठळक की इतरांची तेजस्विता ‘इतके क्रॅब’ अशी मोजतात. त्याच्याकडून २ ते १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (पुढे केईव्ही) या पट्ट्यात एका चौरस सेंटीमीटरवर सेकंदाला साधारण तीनच फोटॉन येतात. १०० केईव्हीच्या वर तर एक फोटॉन मिळायला वीसेक सेकंद थांबावं लागतं. म्हणून इथे प्रत्येक फोटॉन मोजून, वेळेचा शिक्का मारून ठेवला जातो.

ॲस्ट्रोसॅटवर क्ष-किरणांसाठीची तीन मुख्य उपकरणं तीन निरनिराळ्या पद्धतींनी काम करतात. (अतिनील दुर्बीण आणि आकाशावर नजर ठेवणारा मॉनिटर ही आणखी दोन, त्यांचा विचार इथे करत नाही.)

एसएक्सटी ही खऱ्या अर्थाने दुर्बीण: ०.३ ते ८ केईव्ही. क्ष-किरण आरशावर समोरून पडले तर शोषले जातात किंवा आरपार जातात. अगदी निसटत्या कोनातच ते परावर्तित होतात. म्हणून सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांची ४० कवचं एकात एक बसवलेली आहेत, एकूण ३२० पत्रे, आणि २ मीटर अंतरावर उणे ८० अंशांच्या आसपास थंड ठेवलेला सीसीडी, म्हणजे फोटॉन टिपणारी चिप. लॅक्सपीसी मध्ये आरसा नाही. तिथे झेनॉन आणि मिथेन वायूने सुमारे दोन वातावरण दाबाखाली भरलेले तीन मोठे डबे आहेत आणि समोर साधारण एका अंशाचंच आकाश दिसू देणारी जाळी. पट्टा ३ ते ८० केईव्ही, वेळेची अचूकता १० मायक्रोसेकंद. तिसरं सीझेडटीआय: कॅडमियम-झिंक-टेल्युराइड स्फटिकांचे ६४ तुकडे, प्रत्येकावर २५६ चौकटी, आणि वर ०.५ मिलिमीटर जाडीचा, ठरावीक नक्षीत भोकं पाडलेला टॅन्टलमचा पत्रा. त्याची सावली कशी पडली यावरून स्रोताची दिशा गणिताने काढतात.

आता यादीतून काय निघतं ते एका स्रोतावर पाहू. गरुड तारकासमूहात जीआरएस १९१५+१०५ हे जोडपं आहे: सूर्याच्या साधारण बारापट वस्तुमानाचं कृष्णविवर आणि त्याच्याभोवती सुमारे ३४ दिवसांत फिरणारा एक तारा. ताऱ्याचा वायू कृष्णविवराकडे ओढला जातो, थेट आत न पडता चकती बनवून फिरत राहतो आणि घर्षणाने तापतो. आतल्या कडेचं तापमान कोटी केल्विनच्या घरात जातं. १ केईव्ही म्हणजे सुमारे १ कोटी १६ लाख केल्विन. पडणाऱ्या वायूच्या वस्तुमानाचा निदान सहा टक्के भाग ऊर्जेत बदलतो. हायड्रोजनचं हेलियम होताना हे प्रमाण ०.७ टक्के असतं, म्हणजे ही भट्टी ताऱ्याच्या गाभ्याहून कितीतरी कार्यक्षम.

या चकतीची आतली कड शे-दीडशे किलोमीटरच्या आवाक्यातली. हजारो प्रकाशवर्षांवरून तिचा फोटो मिळायची कोणतीही सोय नाही. पण तिथला वायू सेकंदाला शंभरच्या घरात फेऱ्या मारतो आणि तो ठेका फोटॉनच्या वेळांमध्ये उमटतो. २०१७ मधल्या ९२ हजार सेकंदांहून जास्त लॅक्सपीसी निरीक्षणांत या स्रोताच्या तेजात सेकंदाला ६७.४ ते ७२.३ वेळा होणारं स्पंदन सापडलं. ६७ हर्ट्झचं स्पंदन १९९० च्या दशकात आरएक्सटीई या अमेरिकी उपग्रहानेही टिपलं होतं. या निरीक्षणांत दिसलं ते हे की वारंवारता काही दिवसांतच सरकते, आणि जास्त ऊर्जेचे फोटॉन कमी ऊर्जेच्या फोटॉनच्या किंचित मागाहून येतात. स्पंदन कशाने होतं यावर अजून एकमत नाही, पण कोणत्याही सिद्धांताला आता हे दोन्ही आकडे एकाच वेळी समजावून सांगावे लागतात. ठिपक्याकडे कितीही वेळ पाहून हे कळलं नसतं.

इथे एक हिशेब मुद्दाम मांडतो, कारण तो समजला की लॅक्सपीसीचे डबे एवढे मोठे का केले ते आपोआप समजतं. असं स्पंदन किती खात्रीने सापडेल ते ढोबळपणे या सूत्राने मिळतं: अर्धा × सेकंदाला मिळणारे फोटॉन × स्पंदनाच्या प्रमाणाचा वर्ग × (निरीक्षणाचा काळ भागिले स्पंदनाची रुंदी, म्हणजे ते किती हर्ट्झच्या पट्ट्यात पसरलंय) याचं वर्गमूळ. समजा ५००० फोटॉन सेकंदाला, स्पंदन एक टक्का, काळ १०,००० सेकंद, रुंदी ५ हर्ट्झ. उत्तर सुमारे ११ सिग्मा (सिग्मा म्हणजे निव्वळ योगायोगाच्या चढउताराचं माप), म्हणजे निर्विवाद. तेच क्षेत्रफळ दहा पटींनी कमी करा: ५०० फोटॉन, उत्तर १.१ सिग्मा, म्हणजे काहीच नाही. ती कसर वेळ वाढवून भरून काढायची तर निरीक्षण शंभरपट लांब हवं. वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन आले त्याचा आलेख, काढताना कमी क्षेत्रफळाची भरपाई वेळ देऊन बऱ्यापैकी होते, वेगवान स्पंदनांच्या कामात होत नाही. माझ्या मते ॲस्ट्रोसॅटचं सर्वांत मोलाचं वैशिष्ट्य हेच होतं, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

बिघडतं कुठे, तेही याच उपकरणावर पाहावं. वायूच्या डब्यात क्ष-किरण शिरला की इलेक्ट्रॉन सुटतात, तारेजवळच्या उच्च दाबामुळे त्यांची संख्या अनेक पटींनी वाढते आणि विद्युत-ठोका मिळतो. ठोक्याच्या उंचीवरून ऊर्जा. तीनपैकी एका डब्यात गळती होती. वायू विरळ झाला की त्याच विद्युतदाबाला ठोका जास्त उंच येतो, म्हणजे ३० केईव्हीचा फोटॉन यादीत जास्त ऊर्जेचा म्हणून नोंदला जाऊ लागतो. हा डबा मार्च २०१८ मध्ये बंद करावा लागला. दुसऱ्या एकाचं प्रवर्धन त्याच सुमारास अस्थिर झालं. म्हणून मार्च २०१८ नंतरच्या निरीक्षणांसाठी वर्णपट उरलेल्या लॅक्सपीसी-२० या डब्यावरूनच काढावा, आणि प्रतिसाद-फाइल (कोणत्या ऊर्जेचा फोटॉन डबा कसा नोंदतो ते सांगणारी) निरीक्षणाच्या तारखेला जुळणारी घ्यावी. जुनी फाइल वापरली की ३० केईव्हीजवळ, झेनॉनच्या स्वतःच्या रेषेपाशी, एक उंचवटा दिसतो. ती नवी वर्णरेषा सापडली असं समजून नवखे लोक आनंदतात. तो उंचवटा आकाशातला नसतो, डब्यातला असतो.

दुसरी चूक बॅकग्राउंडची. कॉस्मिक किरण आणि त्यांनी उपग्रहात उठवलेले दुय्यम कण हेसुद्धा यादीत फोटॉनसारखेच नोंदले जातात, आणि त्यांची पातळी कक्षेनुसार, शिवाय जवळपास दिवसाच्या चक्रातही, वरखाली होते. रिकाम्या आकाशाकडे पाहून केलेल्या नोंदींवरून त्याचा अंदाज बांधून वजाबाकी करतात. स्रोत ठळक असेल तर काळजी नाही. अंधुक असेल तर २० केईव्हीच्या वर स्रोतापेक्षा बॅकग्राउंडच मोठं असतं, आणि त्यात दोन-तीन टक्क्यांची चूक झाली तरी वर्णपटाची शेपटी हवी तशी वाकते. स्रोताचे फोटॉन बॅकग्राउंडच्या पातळीखाली जातात तिथेच वर्णपट तोडावा. आलेखात जागा उरली म्हणून ८० केईव्हीपर्यंत खेचू नये.

तिसरी चूक शेजाऱ्याची. दृष्टिक्षेत्र एका अंशाचं असल्यामुळे शेजारचा स्रोतही आत येतो. जीआरएस १७५८-२५८ या कृष्णविवरापासून जीएक्स ५-१ हा कितीतरी ठळक न्यूट्रॉन तारा फक्त ४० कलांवर आहे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). निरीक्षण निवडण्याआधी दोन अंशांच्या परिघात कोण कोण आहे ते यादीतून तपासून घ्यावं.

सीझेडटीआयची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती फार प्रिय आहे, कारण इथे यादीतून चौथा रकाना काढला गेला: ध्रुवीकरण, म्हणजे येणाऱ्या फोटॉनची विद्युतक्षेत्रं कितपत एकाच दिशेला आहेत ते. सुमारे १०० केईव्हीच्या वरचा फोटॉन स्फटिकात पुष्कळदा एकदम शोषला जात नाही. एका चौकटीत इलेक्ट्रॉनला धक्का देतो, थोडी ऊर्जा तिथे ठेवतो, दिशा बदलतो आणि शेजारच्या चौकटीत संपतो. यादीत लागून असलेल्या दोन चौकटींच्या दोन नोंदी ४० मायक्रोसेकंदांच्या आत दिसतात. ऊर्जांची बेरीज आणि गुणोत्तर कॉम्प्टन विकिरणाच्या नियमात बसत असेल तर ती जोडी ठेवायची, नाहीतर टाकायची. आता पहिल्या चौकटीभोवतीच्या आठ शेजाऱ्यांपैकी कोणत्या दिशेला किती फोटॉन गेले ते मोजा. ध्रुवीकरण नसेल तर सगळ्या दिशा सारख्या. असेल तर विद्युतक्षेत्राच्या काटकोनातल्या दिशेला जास्त. चौकटी मात्र चौरस आहेत: बाजूचा शेजारी पूर्ण कड लावून बसलेला, कोपऱ्यातला फक्त टोकाने टेकलेला. त्यामुळे ध्रुवीकरण शून्य असतानाही आठ आकडे समान येत नाहीत. हा भूमितीचा फरक संगणकीय सिम्युलेशनने काढून भागावा लागतो. न काढता मोजलेलं ध्रुवीकरण हे चौकटींच्या आकाराचं मोजमाप ठरतं.

या पद्धतीने क्रॅबचं सुमारे ८ लाख सेकंदांचं निरीक्षण जमवून १०० ते ३८० केईव्ही पट्ट्यात ध्रुवीकरण सुमारे ३३ टक्के आलं. हे काम अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, टीआयएफआर आणि पुण्याचं आयुका यांच्या गटाने केलं. संतोष वडवळे हे शोधनिबंधाचे पहिले लेखक. अनपेक्षित भाग पुढे होता. क्रॅबच्या मध्यभागी सेकंदाला तीसेक फेऱ्या मारणारा पल्सार, म्हणजे फिरताना ठरावीक ठोके देणारा न्यूट्रॉन तारा आहे. फेरीच्या टप्प्यांनुसार फोटॉन वेगळे केले, तेव्हा दोन ठोक्यांच्या मधल्या शांत टप्प्यातही ध्रुवीकरण बदलताना दिसलं. त्या टप्प्यातला प्रकाश पल्सारचा नसून भोवतालच्या तेजोमेघाचा आणि म्हणून स्थिर, अशी सर्वसाधारण समजूत होती. तो खरोखर स्थिर असता तर आकडा बदलायला नको होता.

सीझेडटीआयचा आणखी एक गुण जवळजवळ आपसूक मिळालेला आहे. १०० केईव्हीच्या वर टॅन्टलमचा पत्रा आणि बाजूच्या भिंती पारदर्शक होऊ लागतात, म्हणजे उपकरण एका अंगाने पाहायचं सोडून पृथ्वीने न झाकलेल्या सगळ्या आकाशाकडे पाहू लागतं. ६ ऑक्टोबर २०१५ ला ते चालू केलं त्याच दिवशी पहिला गॅमा किरण स्फोट (दूरच्या आकाशातून येणारा गॅमा किरणांचा अल्पकाळचा झोत) नोंदला गेला, आणि २०२३ च्या अखेरीपर्यंत आकडा ६०० च्या पुढे गेला.

असे स्फोट नोंदण्याचा उपयोग कसा होतो ते २०१७ मधल्या एका प्रकरणात छान दिसतं. ४ जानेवारीला गुरुत्वीय लहरींची घटना जीडब्ल्यू१७०१०४ नोंदली गेली. पाठोपाठ त्याच भागात झपाट्याने विझणारा एक प्रकाशठिपका दिसला, नाव ॲटलास१७एईयू. कृष्णविवरांच्या टकरीतून प्रकाश निघाला असेल, तर ती मोठीच बातमी होती. पण सीझेडटीआयच्या नोंदींत गुरुत्वीय लहरींनंतर वीस-एकवीस तासांनी एक वेगळा गॅमा किरण स्फोट सापडला, जीआरबी १७०१०५ए, आणि त्या ठिपक्याच्या विझण्याचा हिशेब याच्याशी जुळला. दोन घटनांचा संबंध नव्हता.

काही न दिसणंही उपयोगी पडतं. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, १.७ सेकंदांनी फर्मी या अमेरिकी गॅमा किरण दुर्बिणीने गॅमा किरण टिपले, पण सीझेडटीआयला काही मिळालं नाही. ६५० किलोमीटरवरून पृथ्वी आकाशाचा साधारण ३० टक्के भाग झाकते. उपकरण चालू होतं आणि तरी दिसलं नाही, म्हणजे स्रोत त्या क्षणी पृथ्वीआड होता. शोधायची जागा तेवढी कमी झाली. मात्र असा निष्कर्ष काढण्याआधी त्या सेकंदाला डिटेक्टर खरोखर चालू होता ना, हे तपासलंच पाहिजे.

आता घरच्या संगणकाबद्दल. ॲस्ट्रोसॅटचा खुला झालेला डेटा इस्रोच्या अवकाश विज्ञान डेटा केंद्राच्या ‘ॲस्ट्रोब्राउझ’ संग्रहातून नोंदणी करून मोफत मिळतो. लिनक्स असलेला साधा संगणक चालतो. नासाचं हीसॉफ्ट हे पॅकेज बसवावं लागतं (वर्णपटासाठीचं एक्सस्पेक त्यातच आहे), आणि प्रत्येक उपकरणाचं स्वतःचं सॉफ्टवेअर व प्रतिसाद-फाइली: एसएक्सटी आणि लॅक्सपीसीसाठी टीआयएफआरकडून, सीझेडटीआयसाठी आयुकाकडून.

एसएक्सटीबाबत तीन गोष्टी सांभाळा. आरसे पत्र्याचे असल्याने ठिपका पसरट असतो, तेव्हा स्रोताचं वर्तुळ १५-१६ कलांच्या त्रिज्येचं घ्यावं लागतं. त्यामुळे त्याच चित्रात बॅकग्राउंडला जागाच उरत नाही आणि टीआयएफआरची रिकाम्या आकाशाची तयार फाइल वापरावी लागते. दुसरं, सीसीडी सुमारे २.४ सेकंदांनी एकदा वाचला जातो. ठळक स्रोतात तेवढ्या वेळात एकाच जागी दोन फोटॉन पडतात आणि दुप्पट ऊर्जेचा एक म्हणून मोजले जातात. वर्तुळाचा मध्य वगळून पुन्हा वर्णपट काढा, आणि उतार बदलला तर मध्य वगळलेलाच ठेवा. तिसरं, १.८ आणि २.२ केईव्हीजवळ, सिलिकॉन आणि सोन्याच्या कडांपाशी, प्रतिमान (डेटाला बसवलेलं गणिती मॉडेल) आणि डेटा यांच्यात खाच दिसते. एक्सस्पेकमध्ये ‘गेन फिट’ (ऊर्जेची मोजपट्टी जुळवणारी आज्ञा) लावून उतार १ वर बांधा आणि फक्त सरक मोकळी सोडा. ती २० ते ४० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास यायला हवी. फार वेगळी आली तर चूक दुसरीकडे आहे.

सुरुवात मात्र लॅक्सपीसी आणि क्रॅबपासून करा, कारण उत्तर आधीच माहीत आहे. चांगल्या वेळेचे तुकडे निवडा: पृथ्वीआडचा काळ आणि दक्षिण अटलांटिकवरचा काळ वगळून. प्रत्येक फोटॉनची वेळ सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राला नेऊन सुधारा. ही पायरी टाळण्याचा मोह होतो, पण पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते, म्हणजे वारंवारतेत दहा हजारांत एक भाग फरक. १००० सेकंदांत क्रॅबच्या तीन फेऱ्यांची चूक साठते आणि ठोका पुसून जातो. मग जॉड्रेल बँक वेधशाळा क्रॅबची दर महिन्याची वारंवारता प्रसिद्ध करते, ती निरीक्षणाच्या तारखेची घ्या. मागच्या वर्षीची चालणार नाही, कारण क्रॅबचा आवर्तनकाळ दिवसाला सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी वाढतो. त्या आकड्याने सगळ्या वेळा घडी घालून एकावर एक ठेवा, एका फेरीचे ६४ भाग करा आणि आलेख काढा.

दोन टोकदार शिखरं यायला हवीत, एकमेकांपासून फेरीच्या ०.४ भागावर, म्हणजे साधारण १३ मिलिसेकंदांवर. शिखरं आली पण रुंद आणि बसकी असतील तर वारंवारता किंचित चुकली आहे. पाचव्या-सहाव्या दशांश स्थळापाशी पुढेमागे करून पाहा. एकही शिखर नसेल तर बहुधा उपग्रहाची कक्षा-फाइल दुसऱ्याच दिवसाची जोडली गेली आहे, किंवा वेळेच्या सुधारणेत स्रोताचे निर्देशांक चुकीचे घातले आहेत.